मुलगा गुणाचा, पण पाय हळू

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हरलेल्या प्रशिक्षकाला घाम पुरता वाळायच्या आत पत्रकारांसमोर बसवतात. पाठीमागे जाहिरातींचा पडदा, पुढ्यात माइक आणि पहिला प्रश्न ठरलेला: "कोच, आज काय चुकलं?" उत्तरही ठरलेलंच. "वी डिडन्ट गार्ड एनिबडी." आम्ही कुणाला अडवलंच नाही. संघाने समोरच्याला ९० गुण करू दिलेले असोत की ५५, उत्तर बदलत नाही. मी कित्येक वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथे हिवाळा थंडीपेक्षा बास्केटबॉलमुळे ओळखू येतो, आणि एवढ्या हिवाळ्यांत "आमचा बचाव उत्तम होता, पण आक्रमणात पोरांनी माती खाल्ली" असं म्हणणारा कोच मला विरळाच भेटला.

याला कारण आहे. नेम चुकला तर ते नशीब. चेंडू रिंगवर तीनदा नाचून बाहेर आला, कोण काय करणार? कोच खांदे उडवतो, म्हणतो, "आज चेंडू आत जायला तयार नव्हता." म्हणजे दोष असलाच तर चेंडूचा. पण समोरच्याने बास्केट केली की विषय एकदम संस्कारांवर जातो. भूक नाही, जिद्द नाही, अभिमान नाही, मनगटात दम नाही. आक्रमण म्हणजे प्रतिभा आणि बचाव म्हणजे चारित्र्य, असा या धंद्यातला सर्वमान्य सिद्धांत आहे. मला तो ऐकून ऐकून संशय यायला लागला आहे की हा सिद्धांत प्रशिक्षकांच्या सोयीसाठीच निघाला असावा. प्रतिभा पोरगं आईच्या पोटातून घेऊन येतं, तिचं श्रेय कोचला घेता येत नाही. चारित्र्य मात्र कोच घडवतो. त्यामुळे बचाव जमला की घडवणाऱ्याचं कौतुक, आणि फसला की चारित्र्य पोराचं.

शिवाय बचावाला धड आकडा नाही. बास्केट पहिल्या दिवसापासून मोजल्या जातात. चेंडू हिसकावणं आणि नेम हवेत अडवणं यांची राष्ट्रीय पातळीवरची अधिकृत नोंद पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९८५-८६ च्या हंगामात सुरू झाली, आणि तरीही निम्मा बचाव कागदावर येतच नाही. ७ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनियोत झालेली अंतिम लढत घ्या. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. शेवटची काही सेकंदं, चेंडू ह्यूस्टनकडे. इमॅन्युएल शार्प तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन हवेत उठला. तेवढ्यात फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन हात वर करून त्याच्या अंगावर धावत आला. आता नेम लावावा तर हात आडवा, आणि चेंडू हातात ठेवून खाली उतरावं तर नियमभंग. शार्पने चेंडू खाली सोडला आणि पुढे त्याला हात लावायची सोय नाही म्हणून तो त्या चेंडूकडे बघत उभा राहिला, सांडलेल्या पाऱ्याकडे बघावं तसा. वेळ संपली. अजिंक्यपद ठरवणाऱ्या क्लेटनच्या त्या धावेला गुणपत्रकात रकाना नाही. आणि जिथे रकाना नाही तिथे प्रवचनाला जागा भरपूर.

अलीकडे आकडेवाले आले आहेत. चेंडूच्या शंभर ताब्यांमागे संघाने किती गुण दिले याचा ते दशांशापर्यंत हिशेब देतात. पण तो सबंध संघाचा असतो. पाचांपैकी नेमकं कोण डुलकी घेत होतं हे त्यातून कळत नाही. ते सांगण्याचा हक्क अजून कोचकडेच आहे.

बचाव करायचा म्हणजे काय, हे एकदा घरातल्या हॉलमध्ये करून बघा. दार लावून घ्या. बूड खाली, पाठ ताठ, गुडघे वाकलेले, दोन्ही हात पसरलेले. आता डावीकडे सरकायचं, पण पायाला पाय लागू द्यायचा नाही आणि एक पाय दुसऱ्यावरून टाकायचा नाही. डोकं वर-खाली होता कामा नये. असं भिंतीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. मांड्या ओरडायला लागल्या की समजायचं सुरुवात झाली. हे तीस सेकंद करायचं, कारण समोरच्याला नेम लावायला तेवढाच वेळ असतो. मग उलट दिशेने पळत जाऊन स्वतः आक्रमण करायचं, परत यायचं, पुन्हा बूड खाली. सामना चाळीस मिनिटांचा.

आणि हे सगळं गप्प राहून करायचं नाही. ज्याच्यासमोर चेंडू आहे त्याने "बॉल, बॉल, बॉल" असं ओरडत राहायचं. मागच्याने "डावीकडून माणूस येतोय" सांगायचं, तिसऱ्याने "मी आहे, मी आहे" म्हणत धीर द्यायचा. मोठ्यांनी लहानांना "गप्प का? बोला की!" म्हणून झापावं अशी जागा पृथ्वीवर बहुधा ही एकच. "आमचा संघ फार शांत आहे," हे वाक्य कोच पत्रकारांना सांगतो तेव्हा ती स्तुती नसते.

सगळ्यात मोठा मान मात्र ओरडण्याला नाही, पडण्याला आहे. समोरून शंभर किलोचा गडी उधळत येत असताना त्याच्या वाटेत दोन्ही पाय रोवून निमूट उभं राहायचं आणि छातीवर त्याची धडक घेऊन उताणं पडायचं. फाउल त्याच्यावर. हे ज्याला जमलं त्याला उठवायला चारही सोबती धावतात, बाकावरची पोरं टॉवेल फिरवत उड्या मारतात, कोच डोळे पुसतो. तीस गुण करणाऱ्याचं कौतुक पत्रकार करतात. उताणं पडलेल्याचं कौतुक कोच करतो, आणि तेही दोन-दोन मिनिटं, त्याच्या आईवडिलांचं नाव घेऊन.

आमच्या भागातल्या ड्यूक विद्यापीठाची याहून वेगळी तऱ्हा. सामना अटीतटीला आला की ड्यूकचे खेळाडू वाकून दोन्ही तळहात लाकडी जमिनीवर फाडकन आपटतात. म्हणजे आता आम्ही खरंच अडवणार. मग आतापर्यंत काय चाललं होतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. कधीकधी जमिनीवर हात आपटून डोकं वर करेपर्यंत समोरच्याने तीन गुणांचा नेम लावलेला असतो. तरी टीव्हीवरचे समालोचक खूश. नेम गेला तर गेला, इरादा दिसला ना?

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांना हे सगळं बघून काय वाटलं असतं कोण जाणे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला त्यांनी पीचच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. त्यात प्रशिक्षकाचं नाव नव्हतं. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असं त्यांचं मत होतं म्हणे. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले, ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक आजतागायत एकच, आणि तो म्हणजे ज्याने खेळ शोधून काढला तो. माझ्या मते त्यांची अडचण एवढीच होती की हरल्यावर कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलायचं हे त्यांना सुचलं नाही.

नंतरच्यांना सुचलं. इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट यांचं तर नावच घेऊ नका. एकास एक बचावाचे कट्टर पुरस्कर्ते. प्रत्येकाने आपला माणूस धरायचा, आपल्या माणसाचा हिशेब आपण द्यायचा. १९७६ साली त्यांचा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला, आणि पुरुषांत त्यानंतर आजवर एकाही संघाला हंगामभर अजिंक्य राहता आलेलं नाही. तोंडही तसंच. पण २३ फेब्रुवारी १९८५ ला पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात, पंचांच्या निर्णयांवर भडकून, त्यांनी बाकाजवळची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि मैदानाच्या पार पलीकडे भिरकावली. नाइट यांच्या सार्वजनिक वक्तव्यांमध्ये मी हे त्यातल्या त्यात सौम्य धरतो. त्यात एकाही खेळाडूचा नामोल्लेख नव्हता.

सिरॅक्यूजचे जिम बोहाइम यांनी ४७ हंगाम एकाच विद्यापीठात काढले आणि बहुतेक काळ एकच बचाव लावला. दोघं पुढे, तिघं मागे, प्रत्येकाने माणूस सोडून आपापला इलाखा सांभाळायचा. या पद्धतीत मोठी सोय आहे. बास्केट झाली की पाचही जण एकमेकांकडे बघतात आणि दोन्ही तळवे वर करतात. तुझ्या हद्दीत की माझ्या? जबाबदारी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. पण सामना संपल्यावर बोहाइम चेहरा पाडून यायचे आणि हद्द नेमकी कुणाची होती ते शांतपणे सांगायचे. मात्र याच गृहस्थांनी २००६ साली उलटं करून दाखवलं. त्यांचा चौथ्या वर्षाचा गार्ड जेरी मॅकनमारा याला काही ठिकाणी 'फुकाचा गाजलेला' ठरवण्यात आलं होतं. बिग ईस्ट या विद्यापीठगटाच्या स्पर्धेत त्याने संघाला पहिला सामना जिंकून दिल्यावर बोहाइम माइकसमोर आले आणि गरजले, की हा पोरगा नसता तर आम्ही यंदा दहा सामनेसुद्धा जिंकले नसते. 'दहा' आणि 'सामने' यांच्यामध्ये त्यांनी एक विशेषण घातलं होतं. ते इथे छापता येणार नाही. सिरॅक्यूजने चार दिवसांत चार सामने जिंकून ती स्पर्धा खिशात घातली. आपल्या पोराला जाहीरपणे नावं ठेवणारा माणूस दुसऱ्याने ठेवली की असा पिसाळतो, हे मला फार ओळखीचं वाटलं.

ते का, हे आईमुळे कळलं. आई साताऱ्याहून आली की मार्चमधले राष्ट्रीय स्पर्धेचे सामने माझ्यासोबत बघते. तिला खेळ कळत नाही, माणसं कळतात. पहिल्यांदा बघायला बसली तेव्हा कोच मैदानाच्या कडेला उभा राहून "सिट डाउन! सिट डाउन!" असा ओरडत होता.

"पळणाऱ्या पोरांना बसायला का सांगतोय हा?" आईने विचारलं.

"अगं, बूड खाली करून अडव म्हणतोय."

"मग तसं सांगावं. आणि मागे ते कुंपण कशाला आणलंय?"

प्रेक्षकांत एकाने पुठ्ठ्याचं मोठं 'डी' अक्षर धरलं होतं आणि शेजारच्याने पांढऱ्या लाकडी कुंपणाचा तुकडा. दोन्ही मिळून 'डीफेन्स'. तिला समजावलं. "हुशार आहेत," ती म्हणाली, "पण अभ्यास कधी करतात?"

सामन्यानंतरची पत्रकार परिषद तिला खेळापेक्षा आवडली. राष्ट्रीय स्पर्धेत कोचसोबत एकदोन खेळाडूंनाही टेबलाशी बसवतात. एकोणीस वर्षांचा, सहा फूट आठ इंच उंच मुलगा. गुडघे टेबलाखाली मावत नाहीत म्हणून तिरका बसलेला. डोळे लाल. समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल नखाने सोलतोय. आणि शेजारी बसलेला कोच त्याच्याबद्दल बोलतोय, तो तिथे नसल्यासारखा. "फार गुणी मुलगा. घरचे लोक फार चांगले. सरावाला सगळ्यांच्या आधी येतो. पण..."

"पण मन लावत नाही!" आईने सोफ्यावरून वाक्य पुरं केलं.

हा प्रकार म्हणजे तिचा हातखंडा होता. पाहुणे आले की मला बाहेर बोलावून, चहाच्या ट्रेसकट उभं करून, ती हेच म्हणायची. हुशार आहे हो, पण मन लावत नाही. अक्षर बघा म्हणजे कळेल. पाहुणे माझ्याकडे बघायचे, मी कपबशीकडे. त्यात पाहुण्यांना माहिती देणं हा हेतू नसायचाच. ते सगळं माझ्यासाठी असायचं, फक्त पाहुण्यांच्या अंगावरून वळसा घालून यायचं, म्हणजे मला उलट बोलता येऊ नये. आणि पाहुण्यांपैकी कुणी "हो, जरा मंदच वाटतो" म्हणालं असतं, तर तो गृहस्थ पुन्हा आमच्या उंबऱ्याच्या आत आला नसता. कोचलोकांचंही नेमकं असंच चालतं. पत्रकार निव्वळ पाहुणे. खरा श्रोता टेबलाशी लेबल सोलत बसलेला असतो.

२०१९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेटचे टॉम इझो आपल्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूवर, आरन हेन्रीवर, कॅमेऱ्यासमोर असे काही तुटून पडले की बाकीच्या पोरांना मध्ये पडावं लागलं. अमेरिकाभर वाद पेटला: ही शिस्त की अत्याचार? इझोंचं म्हणणं सरळ होतं, मुलाकडून अपेक्षा ठेवायची तर त्याला जाब विचारायला नको का? हेन्रीनेही फारसं मनाला लावून घेतलं नाही. मी आईला ती चित्रफीत दाखवली. तिने पुरती पाहिली आणि विचारलं, "यात बातमी कुठली?" सगळेच आरडाओरडे असे निरुपद्रवी नसतात, हेही तिला सांगितलं. २०१३ मध्ये रटगर्सचे माइक राइस सरावात मुलांवर चेंडू फेकताना आणि घाणेरड्या शिव्या देताना चित्रफितीत सापडले आणि त्यांची नोकरी गेली. तिथे आई "हं" म्हणाली आणि पुढे बोलली नाही.

या सगळ्यांच्या विरुद्ध टोकाला व्हर्जिनियाचे टोनी बेनेट. वडील डिक बेनेट हे बचावातले ऋषितुल्य माणूस. २००० साली ते विस्कॉन्सिनचा संघ घेऊन राष्ट्रीय उपांत्य फेरीत गेले. मध्यंतराला गुणफलक होता १९-१७. वीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून ३६ गुण. दूरचित्रवाणीसमोर त्या दिवशी किती जणांना झोप लागली असेल याची नोंदही कुठे ठेवलेली नाही. डिक यांनी बसवलेली रचना मुलाने पुढे चालवली. बास्केटपासून सोळा फुटांवर एक मनातली रेघ मारायची, चेंडूवाल्याला एकाने भिडायचं आणि बाकीच्या चौघांनी त्या रेघेच्या आत दाटीवाटीने उभं राहायचं. आत शिरून दाखव.

या बचावावर टोनींचा संघ २०१८ मध्ये देशात पहिल्या मानांकनाने स्पर्धेत उतरला आणि १६ मार्चला सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकनाच्या, तोवर फारसं कुणी नाव न ऐकलेल्या यूएमबीसी विद्यापीठाकडून ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. मध्यंतराला २१-२१ होते. म्हणजे देशातल्या सर्वांत चिवट बचावाने उरलेल्या वीस मिनिटांत ५३ गुण दिले. चारित्र्याबद्दल बोलायला याहून उत्तम मुहूर्त नव्हता. बेनेट आले, बसले, म्हणाले की समोरचा संघ आमच्यापेक्षा फार चांगला खेळला, आम्हाला त्यांनी धुतलं. कुणाचं नाव नाही, कुणाचे पाय नाहीत, कुणाचं काळीज नाही. पत्रकारांच्या दृष्टीने पडेल माल. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल २०१९ ला, व्हर्जिनियाने टेक्सस टेकला ८५-७७ असं हरवून अजिंक्यपद मिळवलं. तेव्हाही बेनेट असेच बोलले, फक्त हसतमुखाने. माणूस म्हणून मला ते फार आवडतात. प्रेक्षक म्हणून त्यांची परिषद लागली की मी चहा करायला उठायचो.

रिक पिटिनो बोलायला लागले की मात्र आधण ठेवलेलं उतू जातं, उठवत नाही. बास्केटबॉलमधला हा बडा माणूस. मैदानभर पाठलाग करून समोरच्याला श्वास न घेऊ देणारा बचाव ही त्यांची ओळख, आणि श्वास न घेता बोलणं ही दुसरी. मध्यंतरी ते व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये बॉस्टन सेल्टिक्सकडे होते. तिथे २००० सालच्या मार्चमध्ये एका पराभवानंतर, जुन्या दिवसांच्या आठवणी काढणाऱ्यांना त्यांनी सुनावलं होतं की लॅरी बर्ड त्या दारातून येणार नाही, केव्हिन मॅकहेल येणार नाही, रॉबर्ट पॅरिश येणार नाही. आणि आलेच तर म्हातारे झालेले असतील. संघात असलेल्यांना नावं ठेवायला, नसलेल्यांची यादी वाचणं ही कल्पना मला आजही थोर वाटते.

त्यांचा परमोच्च बिंदू आला १८ फेब्रुवारी २०२४ ला. पिटिनो तेव्हा ७१ वर्षांचे, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये पहिलंच वर्ष. सीटन हॉलविरुद्ध १९ गुणांची आघाडी घेऊन संघ हरला. पिटिनो पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी पोरांची हजेरी घेतली. अक्षरशः हजेरी, एकेकाचं नाव घेऊन. अमुक बाजूला सरकताना संथ. तमुक बाजूला सरकताना संथ. फलाणा संथ. एक जण अंगानेच अशक्त. आणखी एक संथ. चौघांचे पाय आणि एकाची तब्येत, एवढा निकाल लावून त्यांनी जाहीर केलं की हा हंगाम म्हणजे आयुष्यातला सगळ्यात बेचव अनुभव. मुलं निवडताना आम्ही माझ्या खेळाच्या बरोब्बर उलट्या जातीची निवडली, हेही सांगितलं. 'आम्ही' कोण, हा तपशील सुटला. विद्यापीठातल्या सोयीसुविधांवरही त्यांनी हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी देशभर टीकेची झोड उठली. कॉलेजच्या पोरांना असं चव्हाट्यावर आणायचं? मला मात्र त्यात एक प्रामाणिकपणा दिसला. इतर कोच काळजाबद्दल बोलतात. काळीज दिसत नाही, मोजता येत नाही, आणि त्यावर मुलाने काय उत्तर द्यावं? पिटिनोंनी चारित्र्याला हातच लावला नाही. ते थेट शरीरशास्त्राकडे वळले. पोरं आळशी नाहीत, नालायक नाहीत, देवाने पायच तसे दिलेत. यात शिवी कुठे आहे? हां, 'अंगाने अशक्त' हे ज्याच्या वाट्याला आलं त्याच्या आईला कसं वाटलं असेल ते वेगळं.

आणि पुढची गंमत म्हणजे संथ ठरलेला तो संघ त्यानंतर लागोपाठ सहा सामने जिंकला. एका आठवड्यात कुणाचे पाय जलद होत नाहीत. तेव्हा एक तर पिटिनोंचं निदान चुकलं होतं, किंवा पायांचं औषध कानांतून घातलं की लागू पडतं. त्यांनी नंतर सारवासारव केली, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता म्हणाले. सहाव्या विजयानंतर गाठ पडली कनेटिकटशी, त्यांच्याकडून हरले आणि राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलंच नाही.

इथे पैशांचा विषय काढावा लागेल, कारण प्रशिक्षकांची भाषा आता त्याच्यावर चालते. पूर्वी कोचने काहीही बोलावं आणि पोराने ऐकावं, कारण दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर सहसा एक वर्ष घरी बसावं लागे. २०२१ पासून ती अट सुटली. त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. हंगाम संपला की पोरगं एका यादीत नाव टाकतं आणि दुसऱ्या दिवशी पंधरा प्रशिक्षकांचे फोन येतात. ज्याचे पाय तुम्ही संथ म्हणालात त्याला शेजारचं राज्य 'अनुभवी' म्हणतं.

त्यामुळे पत्रकार परिषदांना हल्ली मधुमेह झाला आहे. नावं गेली, 'आपण' आलं. "आपल्याला अजून चांगलं अडवावं लागेल." "दोष माझा आहे, मी त्यांना तयार केलं नाही." हे ऐकून पोरगं खूश, त्याचा एजंट खूश. कधीकधी कोच चुकून "तो बचावात..." अशी सुरुवात करतो, मध्येच थांबतो आणि "...खूप मेहनत घेतोय" असं म्हणून गाडी रुळावर आणतो. कुणाबद्दल "संघाला त्याची ऊर्जा मिळते" असं ऐकलं की समजावं याला नेम लावता येत नाही. "तो अजून आमची पद्धत शिकतोय," म्हणजे कालच्या सामन्यात तो चुकीच्या बास्केटखाली उभा होता. "ड्रेसिंग रूममधला नेता," म्हणजे मैदानावर दिसणार नाही.

पिटिनोंनी अर्थातच नवे पाय आणले. पुढच्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, सेंट जॉन्सचा बचाव देशातल्या सर्वोत्तम बचावांत गणला गेला. संघाने बिग ईस्टची साखळी जिंकली आणि २००० नंतर पहिल्यांदा तिथली स्पर्धाही. चारित्र्य कुणी घडवलं यावर भरपूर छापून आलं. मग २२ मार्चला, प्रॉव्हिडन्समध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत अर्कान्सासशी सामना पडला. समोर जॉन कॅलिपारी, पिटिनोंचे जुने प्रतिस्पर्धी. सेंट जॉन्सने तीन गुणांचे २२ नेम लावले, त्यातले दोन आत गेले. ६६-७५. आर. जे. लुइस, ज्याला काही दिवसांपूर्वी बिग ईस्टचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं, त्याचे १७ पैकी तीन नेम लागले, आणि शेवटची जवळपास पाच मिनिटं पिटिनोंनी त्याला बाकावर बसवून ठेवलं.

मी आणि आई, दोघंही पुढे सरकून बसलो. आता हजेरी होणार. पत्रकाराने विचारलं, लुइसला शेवटी का नाही खेळवलं?

तो तीस मिनिटं खेळला, पिटिनो म्हणाले.

काही खास कारण?

तीस मिनिटं खेळला. तीस मिनिटं पुष्कळ झाली. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, मला कशाला विचारता? मी माझ्या कुठल्याही खेळाडूला नावं ठेवणार नाही.

पायांबद्दल अवाक्षर नाही. पुढे लुइसने व्यावसायिक निवडीसाठी नाव दिलं आणि त्याच सुमारास दुसरं विद्यापीठ शोधणाऱ्यांच्या यादीतही. एवढं सांभाळून बोलूनही पोरगं हातचं गेलं ते गेलंच.

आईला त्या दिवशी पत्रकार परिषद अजिबात आवडली नाही. "एकूण सामना किती मिनिटांचा?" तिने विचारलं.

"चाळीस."

"मग तीस पोरगा खेळला ना? उरलेली दहा ह्यांनी खेळून दाखवायची होती."